बटण बंद, तरी पेटी जागी

घरातल्या पुरुषाला एखादा छंद असला की त्याचे निम्मे ओझे घरच्या बाईच्या खांद्यावर येते, हा घरोघरचा अनुभव आहे. कुणाचा नवरा बागेपायी घरभर माती करतो, कुणाचा जुनी नाणी जमवतो आणि कपाटे अडवतो. माझ्या वाट्याला रेडिओ आला. गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा! ह्यांच्याकडे गेली तीसेक वर्षे हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा परवाना आहे. परीक्षा ह्यांनी दिली, परवाना ह्यांना मिळाला. मी अर्धांगिनी, म्हणून अर्धी हॅम, असे आमचे स्नेही गमतीने म्हणतात.

ज्यांना हे खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना मिळतो. परवान्याबरोबर स्वतःचे एक सांकेतिक नाव मिळते. आपल्याकडे बहुतेकांचे नाव ‘व्हीयू’ ह्या अक्षरांनी सुरू होते. मग ठरवून दिलेल्या लहरींवर देशातल्या आणि परदेशातल्या हॅमशी बोलता येते. एरवी ह्या गप्पाच असतात, पण वेळ आली की हेच लोक कामाला येतात. १९९९ चे ओडिशातले महाचक्रीवादळ, २००१ चा कच्छचा भूकंप ह्या प्रसंगी हॅम मंडळींनी निरोप पोचवले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच हॅम केंद्र चालवत होत्या. फोन बंद पडले आणि अंदमानातले निरोप त्यांच्या केंद्रावरून मुख्य भूमीवर गेले.

आमचा पसारा त्या मानाने अगदी साधा. शंभर वॅटचा एक रेडिओ, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी त्याची शक्ती, आणि गच्चीवर बांधलेली तांब्याची तार. एवढ्या भांडवलावर ह्यांचा रोज सकाळचा कट्टा भरतो. नागपूर, इंदूर, बेळगाव, बडोदे, सगळीकडची मंडळी त्यावर येतात. चहाचा दुसरा कप मी तिथेच नेऊन देते आणि जाता जाता सगळ्यांची खुशाली ऐकून येते.

हौस नव्हे, गरज

ह्या कट्ट्यावरचे सर्वांत जुने सभासद म्हणजे अण्णा. त्यांची नोकरी जबलपूरला झाली. सेवानिवृत्तीनंतरही ते तिथेच बंगलीत राहत होते. पत्नी गेल्यावर मुलाने त्यांना हैदराबादला आपल्याकडे नेले. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीत कशीबशी बसवलेली तार. अण्णांचे बोलणे आम्हांला ऐकू यायचे, कारण आमचे गाव शांत. पण अण्णांना आमचे काहीच ऐकू येईना. इमारतीतले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्ट, इन्व्हर्टर ह्या सगळ्यांची एक अखंड खरखर त्यांच्या रेडिओत भरून राहायची आणि आमचा आवाज तिच्यात बुडून जायचा.

तुम्ही म्हणाल, मोबाइल आहे की! आहे, आणि अण्णा फोनवर बोलतातही. पण फोनवर एकाशी बोलता येते, कट्ट्यावर बसता येत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, नजर अधू झालेल्या माणसाला रोज सकाळी आठ-दहा ओळखीचे आवाज एकदम भेटणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे त्यांना सांगायला नको. एके दिवशी अण्णा म्हणाले, “मी रोज हाक मारतो आणि मग भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. उद्यापासून नाही येत.” ह्यांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

त्यानंतर घरात शब्द आला तो ‘अ‍ॅम्प्लिफायर’. रेडिओ आणि तार ह्यांच्यामध्ये बसणारी, रेडिओची शक्ती काही पटींनी वाढवणारी पेटी.

मी निवृत्त शिक्षिका, विज्ञान शिकवण्यात हयात गेली. म्हटले, आधी गणित मांडा. ह्यांनी मांडले. शक्ती चौपट केली की पलीकडच्या माणसाच्या रेडिओवरचा काटा एका घराने वर सरकतो. फक्त एका! चारशे वॅट म्हणजे शंभर वॅटच्या चौपट मोठा आवाज, असे मुळीच नाही. म्हणून जाणते हॅम सांगतात की पहिला पैसा तारेवर खर्च करा, शेवटचा शक्तीवर. आम्ही तसेच केले. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी लागणारी वीस मीटर लांबीची तार जमिनीपासून सहा मीटरवर होती, ती खांब उभारून अकरा मीटरवर नेली. खांब उभारताना विजेच्या तारा कुठून जातात ते पाहून, खांब आडवा पडला तरी त्यांना शिवणार नाही अशी जागा निवडली. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग मात्र मी पेटीला मान्यता दिली. सशर्त!

झाकणाच्या आतली चिठ्ठी

पेटी नवी नव्हती. ह्यांच्या एका वडीलधाऱ्या हॅम मित्राने स्वतःच्या हाताने बांधलेली होती. ते वारल्यावर वहिनींनी ती ह्यांना दिली. देताना म्हणाल्या, “भाऊजी, चाळीस वर्षं हे ह्या पेटीजवळ बसले आणि एकदाही धक्का बसला नाही. तेवढं मात्र सांभाळा.” घरी आणून झाकण उघडले तर आतल्या बाजूला चिकटवलेला पिवळा पडलेला कागद. वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘झाकण काढण्यापूर्वी घड्याळ बघ.’

हे कोडे मला ह्यांनी उलगडून सांगितले. पेटीत ८१३ क्रमांकाचा एक मोठा काचेचा व्हॉल्व्ह आहे. त्याला चालायला सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब लागतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, तिचाच धक्का माणसाला पुरतो. मग दोन हजारांची काय कथा! हा दाब साठवून ठेवायला आत आठ कपॅसिटर एका माळेत जोडलेले आहेत. कपॅसिटर म्हणजे विजेचा रांजण. मुख्य नळ बंद केला म्हणून रांजणातले पाणी आटत नाही. तसेच बटण बंद केले, प्लग उपसून हातात घेतला, तरी रांजण भरलेलाच असतो.

किती भरलेला? आमच्या पेटीचा हिशेब पन्नास ज्यूलचा निघाला. पाच किलोची कणकेची पिशवी जमिनीवरून मीटरभर उचलायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी. ऐकायला किरकोळ वाटते. पण इस्पितळात हृदयाला झटका देणारे यंत्र साधारण दीडशे-दोनशे ज्यूल वापरते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या पन्नासांचे वजन कळते.

रांजण रिकामा व्हावा म्हणून प्रत्येक कपॅसिटरला एक-एक रेझिस्टर समांतर जोडलेला असतो. सगळे रेझिस्टर धडधाकट असतील तर आमच्या पेटीतला दाब मिनिटभरात नाहीसा होतो. पण वर्षानुवर्षे उष्णतेत राहून त्यांतला एखादा तुटला, तर त्याच्या वाट्याचा कपॅसिटर भरलेलाच राहतो. अडीचशे व्होल्ट घेऊन कित्येक तास दबा धरून बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून ते घड्याळ. आमच्याकडे मिनिटाची पाच मिनिटे केली आहेत, आणि त्या पाच मिनिटांवरही विश्वास ठेवायचा नाही असा नियम आहे.

आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली. हल्ली घरोघरी बोर्डात गळती ओळखणारा स्विच असतो. धक्का बसताक्षणी तो वीज तोडतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ह्या पेटीतल्या दोन हजार व्होल्टपुढे तो आंधळा आहे. ती वीज ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तयार होते आणि तिकडच्या तिकडेच फिरते. बोर्डातल्या स्विचला ती माणसाच्या अंगातून गेल्याचा पत्ताही लागत नाही. तो स्विच हवाच, पण त्याच्या भरवशावर झाकण काढायचे नाही.

माझ्या अटी

पहिली अट : पेटीचे झाकण उघडायचे ते घरात दुसरे मोठे माणूस जागे असतानाच. मी भाजीला गेले असेन तर काम थांबेल. ह्यांनी हसून मान्य केले, पण पाळले मात्र काटेकोर.

दुसरी अट : पेटीसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तिला खणखणीत अर्थिंग आणि दाराजवळ, पेटीपासून दूर, हात पोचेल अशा उंचीवर एक मोठा मुख्य स्विच. त्यावर लाल रंग. घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवून ठेवला आहे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही. कुणी विजेला चिकटलेले दिसले तर त्याला हात लावायचा नाही, आधी लाल स्विच पाडायचा, मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस ह्या वेगाने दाबत राहायचे. हे मी एका शिबिरात जाऊन शिकून आले. अशी विद्या कधी वापरावी लागू नये, पण अंगी असावी.

तिसरी अट : झाकणाला जो आपोआप वीज तोडणारा खटका आहे, तो चिकटपट्टी लावून किंवा काडी खोचून कधीही निकामी करायचा नाही. “जरा एकदाच बघतो” हे शब्द ह्या बाबतीत वर्ज्य.

चौथी अट नातवासाठी. तो सुट्टीत येतो, नऊ वर्षांचा आहे आणि प्रत्येक यंत्राचे पोट उघडून पाहण्याचा त्याला वंशपरंपरागत हक्क आहे! रेडिओच्या खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्या कंबरेला. त्याला नुसते ‘हात लावू नकोस’ म्हटले असते तर त्याने नक्की लावला असता. म्हणून आजोबांनी त्याला समोर बसवून रांजणाची गोष्ट सांगितली. आता तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “बंद आहे, पण जागी आहे हं!”

झाकण उघडायची वेळ आली की आमच्याकडे एखाद्या विधीसारखा क्रम असतो. बटण बंद. लाल स्विच खाली. प्लग उपसून टेबलावर, डोळ्यांसमोर. पाच मिनिटे घड्याळ. हातातले घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. मी मदतीला असले तर बांगड्या आणि मंगळसूत्रही काढून ठेवते. सौभाग्य माणसात असते, धातूत नसते. मग अर्थची काठी. हातभर लांबीची, वीज न वाहणारी दांडी, तिच्या टोकाला धातूचा आकडा आणि आकड्यापासून पेटीच्या सांगाड्याला घट्ट जोडलेली जाड तार. आधी रेझिस्टर लावलेल्या काठीने जपून दाब उतरवायचा, मग थेट काठीने. माळेतल्या प्रत्येक कपॅसिटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडायची, मीटरने शून्य पाहायचे आणि काम संपेपर्यंत आकडा तिथेच अडकवून ठेवायचा. इतके करूनही हात आत घालताना एकच घालायचा, दुसरा पाठीमागे. दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि वाटेत हृदय लागते.

चालवण्याची रीत

पेटी चालवतानाही घाई उपयोगाची नाही. व्हॉल्व्ह तापतो, म्हणून पंखा आधी सुरू आणि सर्वांत शेवटी बंद. पहिली जुळवणी कधीही तारेवर करायची नाही. त्यासाठी ‘डमी लोड’ नावाची चीज असते : तेलाच्या डब्यात बुडवलेला पन्नास ओहमचा रेझिस्टर. सगळी शक्ती त्या डब्यात उष्णता होऊन संपते, हवेत कुणाला उपद्रव होत नाही. रेडिओची शक्ती वीस-पंचवीस वॅटवर ठेवायची. एक चाक फिरवून मीटरचा काटा सर्वांत खाली येतो ती जागा शोधायची, दुसऱ्या चाकाने बाहेर पडणारी शक्ती वाढवायची, पुन्हा पहिले चाक. हे सारे दहा सेकंदांच्या आत, मग विश्रांती, मग थोडी जास्त शक्ती. जुळवणी चुकलेली असताना दामटले तर शक्ती बाहेर न जाता व्हॉल्व्हच्या पोटातच जळते.

नंतर तार जोडायची, पण आधी साध्या रेडिओवर पाहायचे की तारेकडून किती शक्ती परत येते. ते प्रमाण दीडच्या आत नसेल तर पेटी चालू करायची नाही. जुनी बारीक केबल आणि शंभर वॅटपुरते जोड ह्या शक्तीला टिकत नाहीत. ते सारे आम्ही आधीच बदलले. बोलताना तारेच्या दोन्ही टोकांना मोठा दाब असतो, हात लागला तर भाजते. म्हणून गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या मी दुसऱ्या टोकाला नेल्या, आणि संक्रांतीला पोरे पतंग उडवायला आली की पेटी बंद. पावसाळ्यात गडगडाट ऐकू यायच्या आधीच तार खोलीबाहेर काढून ठेवायची.

एक पथ्य शेजारधर्माचे. रेडिओकडून जास्त जोर दिला की पेटीतून आवाज फाटून बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या लहरींवर बोलणाऱ्यांना त्रास होतो. लग्नातल्या कर्ण्यासारखे ते! आणि प्रत्यक्ष शेजाऱ्यांचेही पाहावे लागते. पहिल्याच आठवड्यात समोरच्या काकू विचारत आल्या, “अहो, आमच्या टीव्हीच्या स्पीकरमधून तुमचे हे कसे काय बोलतात?” ह्यांनी त्याच दिवशी पेटी बंद ठेवली. काकूंच्या स्पीकरच्या वायरीला फेराइटची दोन कडी घातली, आमच्याकडे गाळणी बसवली, काकूंना समोर बसवून तपासणी केली आणि मगच पुढचे बोलणे. काकू म्हणाल्या, “आवाज गेला, पण बातम्या बऱ्या सांगत होते.”

शक्ती शेवटी

आता अण्णांचे सांगते. पेटी सुरू झाल्यावर पहिल्या सकाळी ह्यांनी हाक मारली. खरखरीतून अण्णांचे उत्तर आले, “आहेस तर! शब्द तुटतायत, पण आवाज तुझाच आहे.” ह्यांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत. चहा गार झाला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. शब्द तुटत होते, म्हणून ह्यांनी अण्णांच्या नातीला फोन केला आणि शोधमोहीम काढायला लावली. तिने घरातली एकेक वस्तू बंद करून पाहिली. सर्वांत मोठी खरखर निघाली माशांच्या टाकीवरच्या दिव्याच्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरची. तो बदलला आणि काटा दोन घरे खाली आला. म्हणजे आमच्या पेटीने जे मिळवले त्याहून जास्त एका अ‍ॅडॅप्टरने दिले! ह्यांना ह्यात पराभव वाटला नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमच सांगतात की कामापुरतीच शक्ती वापरावी. अमेरिकेतल्या हॅमना १५०० वॅटपर्यंत मुभा आहे, आपल्याकडे मर्यादा त्याहून पुष्कळ कमी आहे; पण मर्यादा ही छताची उंची असते, रोज डोके आपटायची जागा नव्हे.

आता बहुतेक दिवस पेटी झाकलेली असते. हैदराबादला पाऊस असला, खरखर वाढली, की अण्णा म्हणतात, “आज तुझी तोफ काढ.” मग पंखा सुरू होतो. सकाळच्या कट्ट्यावर अण्णा रोज येतात. ह्यांना एक दिवस उशीर झाला तर तेच रागावतात.

वाचक बहिणींना एवढेच सांगावेसे वाटते. तुमच्या घरी हॅम नसेल, पण मायक्रोवेव्ह असेल. त्याच्या पोटातही हजारो व्होल्टचा दाब आणि तो साठवणारा कपॅसिटर आहे. प्लग काढला म्हणून त्याचे झाकण घरी उघडू नका आणि कुणाला उघडू देऊ नका. आपल्या घराचा मुख्य स्विच कुठे आहे, तो पाडायला कोणाचा हात पोचतो, हे आज संध्याकाळी सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा. आणि घरात कुणी यंत्राची हौस आणली तर नाक मुरडू नका, त्याला विरोधही करू नका. शेजारी बसा, समजून घ्या आणि मग आपल्या अटी घाला. समजून घातलेली अट पाळली जाते.